‘अ‍ॅब्लेशन यशस्वी’ : मुलांच्या हृदयतालाच्या उपचारानंतर पुढे काय?

अ‍ॅब्लेशन (हृदयाचा ताल बिघडवणारी जागा आत बारीक डाग देऊन निकामी करण्याचा उपचार) करून मुलाला घरी सोडताना जो कागद हातात ठेवतात, त्यात बहुतेकदा दुसऱ्या पानावर अशी एखादी ओळ असते: ‘डाव्या बाजूला बाहेरच्या कडेवर जास्तीची वाट. रेडिओफ्रिक्वेन्सी, ६० अंश. ऊर्जा सुरू केल्यावर ३ सेकंदांत डेल्टा वेव्ह गेली. ३० मिनिटं थांबून अ‍ॅडेनोसिन दिलं, वाट बंदच.’ पालकांची नजर पहिल्या पानावरच्या ‘प्रक्रिया यशस्वी’ या शब्दांवर जाते, जीव भांड्यात पडतो आणि कागद फायलीत जातो. साहजिकच आहे. पण त्रास परत येईल का, औषधं कायमची सुटली का, वीस वर्षांनी त्या डागाचं काय होईल, हे पहिल्या पानावरून कळत नाही. जे काही कळू शकतं ते त्या दुसऱ्या पानावरच्या ओळीतून. ती ओळ कशी वाचायची ते पाहू.

बिघाड नेमका कुठे असतो

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे विजेची एक बारीक लाट असते. ती वरच्या उजव्या कप्प्यातल्या सायनस नोडपासून निघते, वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते आणि मग खालच्या कप्प्यांत उतरते. वर आणि खाली यांच्या मधल्या झडपांभोवती तंतुमय ऊतीचं कडं असतं आणि त्यातून वीज जात नाही. जायला अधिकृत दरवाजा एकच, तो म्हणजे एव्ही नोड. हा दरवाजा मुळातच संथ आहे. वरून कितीही गर्दी झाली तरी तो मोजकेच ठोके खाली सोडतो.

मुलांमध्ये अचानक सुरू होणाऱ्या जलद ठोक्यांची, म्हणजे एसव्हीटीची, बहुतेक कारणं या दरवाजाशी जोडलेली असतात. एका प्रकारात कड्यातून स्नायूचा एक बारीक धागा आरपार गेलेला असतो. गर्भात हृदय घडताना असे धागे असतात आणि पुढे ते नाहीसे होतात. एखाद्या मुलात एखादा राहून जातो. मग लाट दरवाजातून खाली उतरते, या चोरवाटेनं परत वर येते, पुन्हा खाली उतरते. गोल गोल फिरणारी ही लाट मिनिटाला १८० ते २५० ठोके सहज देते, तान्ह्या बाळात त्याहूनही जास्त. चोरवाट वरून खालीही वीज नेत असेल, तर साध्या ईसीजीतही ठोक्याच्या सुरुवातीला एक तिरकी चढण दिसते. तीच डेल्टा वेव्ह. १९३० साली वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी हे चित्र वर्णिलं, म्हणून त्रास असलेल्या अशा रुग्णांच्या विकाराला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात.

दुसऱ्या प्रकारात कडं धडधाकट असतं, पण दरवाजाकडे जाणाऱ्या वाटा दोन असतात, एक जलद आणि एक संथ, आणि लाट त्या दोन वाटांमध्येच घुटमळत राहते. याला एव्हीएनआरटी म्हणतात. लहानपणी चोरवाटेचा प्रकार जास्त दिसतो, किशोरवयात दोन वाटांचा वाढत जातो. तिसऱ्या, कमी आढळणाऱ्या प्रकारात कुठलाच फेरा नसतो. कुठला तरी एक ठिपका सायनस नोडला न जुमानता स्वतःच ठोके पाठवू लागतो.

अ‍ॅब्लेशन म्हणजे हा धागा, ती संथ वाट किंवा तो ठिपका शोधून काही मिलिमीटरचा डाग देऊन निकामी करणं. मांडीच्या शिरेतून दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या नळ्या घालून त्यातून कॅथेटर, म्हणजे लांब, लवचीक तारेसारखं साधन, हृदयात नेतात. डावीकडे जायचं असेल तर दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात सुईनं भोक पाडतात, किंवा तिथे जन्मापासूनची फट उघडी असेल तर तिच्यातून जातात. रेडिओफ्रिक्वेन्सीत कॅथेटरच्या टोकाजवळची ऊती तापते. ५० अंश सेल्सियसच्या वर गेलेली स्नायूपेशी पुन्हा वीज नेण्याच्या लायकीची राहत नाही, म्हणून टोकाचं तापमान ६० ते ७० अंशांच्या आसपास ठेवतात.

वय आणि वजन यांचा एवढा आग्रह का

तान्हेपणी सुरू झालेला एसव्हीटी बऱ्याच बाळांत पहिल्या वर्षभरात आपोआप थांबतो. काहींमध्ये तो शाळेच्या वयात पुन्हा डोकं वर काढतो, पण मधली वर्षं निवांत जातात. जे आपण होऊन जाणार आहे त्यासाठी छोट्या हृदयात डाग कशाला द्यायचा, हा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा डागाचा. कोकरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की अगदी लहान वयात दिलेला डाग हृदयाबरोबर वाढतो आणि त्याच्या कडाही पसरत जातात. मोठ्या मुलांबाबत ही भीती राहिलेली नाही. पण पाच-सहा किलोच्या बाळाबाबत ती अजूनही मनात धरूनच निर्णय घेतात.

तिसरा मुद्दा निव्वळ मापाचा. कॅथेटरचं टोक साधारण ४ मिलिमीटर लांब. संथ वाट जिथे असते त्या त्रिकोणी जागेच्या एका टोकाला संथ वाट आणि दुसऱ्या टोकाला एव्ही नोड. प्रौढ माणसातही ही जागा फार मोठी नसते. लहान मुलात ती आणखी आक्रसलेली असते. तेच टोक, तीच उष्णता, पण चुकायला जागा कमी. शिवाय हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्या झडपांच्या कड्याला लागूनच जातात आणि लहान हृदयात त्या डागाच्या फार जवळ येतात.

म्हणून १५ किलोची रेघ. यापेक्षा कमी वजनाच्या मुलात औषधांनी भागत असेल तर थांबायचं, असा तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांचा रोख आहे. औषधं निष्फळ ठरली, किंवा सततच्या वेगानं हृदय थकत चाललं, तर मात्र वजनाची रेघ ओलांडावी लागते, आणि अनुभवी हातांत तेही चांगलं पार पडतं. १५ किलोच्या वर गेल्यावर प्रश्न बदलतो. तिथून पुढे रोजची औषधं वर्षानुवर्षं द्यायची की एकदाच अ‍ॅब्लेशन करायचं, ही निवड असते, आणि वारंवार त्रास होणाऱ्या शाळकरी मुलात आमचा कल अ‍ॅब्लेशनकडे आहे.

‘९५ टक्के यश’ या आकड्याच्या पोटात

सल्लामसलतीत हमखास ऐकू येणारा आकडा म्हणजे ९५ टक्के. तो खोटा नाही, पण तो टेबलावरचा आकडा आहे. त्या दिवशी, त्या खोलीत, कॅथेटर बाहेर काढताना किती मुलांत बिघाड नाहीसा झालेला होता, एवढंच तो सांगतो.

उत्तर अमेरिकेतल्या बालहृदय केंद्रांनी १९९९ ते २००३ या काळात मुलांची अ‍ॅब्लेशनं नोंदवून वर्षभर त्यांचा पाठपुरावा केला. पापका या नावानं तो अभ्यास ओळखला जातो. त्यात टेबलावरचं यश सुमारे ९६ टक्के होतं. पण ज्यांच्यात यश आलं, त्यांच्यापैकी सुमारे ११ टक्के मुलांत वर्षभरात त्रास परतला. आता हिशेब करा. १०० मुलांपैकी ९६ जणांत काम फत्ते. त्या ९६ पैकी १० जणांत पुनरावृत्ती. म्हणजे एका प्रक्रियेनंतर वर्षाअखेर खरोखर मोकळी झालेली मुलं ८५-८६. उरलेल्यांपैकी बहुतेकांत दुसऱ्या प्रयत्नात जमतं आणि आकडा पुन्हा नव्वदीच्या वर जातो. पण दुसऱ्या प्रयत्नाची शक्यता आधी कुणी बोलून दाखवली नसेल, तर पालकांना तो फसवणुकीसारखा वाटतो.

आणि ही सरासरीसुद्धा फारशी कामाची नाही, कारण जागेनुसार आकडे फार वेगळे पडतात. त्याच अभ्यासात दोन वाटांच्या प्रकारात टेबलावरचं यश ९९ टक्क्यांच्या घरात होतं आणि पुनरावृत्ती ५ टक्क्यांच्या आसपास. डाव्या बाहेरच्या कडेवरच्या चोरवाटेत यश ९८च्या जवळ, पुनरावृत्ती ९ टक्के. उजव्या बाहेरच्या कडेवर यश ९१ आणि पुनरावृत्ती १६ टक्के. उजवीकडून मधल्या पडद्यालगतच्या वाटेत तर यश मिळालेल्या दर चार मुलांपैकी जवळपास एकात त्रास परतला. तेव्हापासून साधनं सुधारली आहेत, त्रिमितीय नकाशे आले आहेत, आणि आजचे आकडे यापेक्षा बरे आहेत. क्रम मात्र तोच राहिला आहे. म्हणूनच कागदावरच्या त्या ओळीतला पहिला शब्द, ‘डाव्या बाजूला’, इतका मोलाचा.

जागेचा एवढा फरक का पडतो? डावीकडे झडपेच्या कड्याखाली किंवा कड्यावर कॅथेटरला टेकायला बरी जागा मिळते. उजवीकडची झडप रुंद आहे, तिचं कडं दर ठोक्याला भरपूर हलतं, आणि कॅथेटरचं टोक त्यावरून सुळकन घसरतं. हलत्या झोपाळ्याच्या कडेवर बोट एकाच ठिपक्यावर दाबून धरायचं, असं काहीसं ते काम आहे. मधल्या पडद्याशी घसरण्याचा प्रश्न कमी, पण एव्ही नोड शेजारीच असल्यामुळे डॉक्टर हात आखडता घेतात: कमी ऊर्जा, कमी वेळ. डाग उथळ राहतो आणि वाट पुरती मरत नाही.

वाट पुन्हा का उघडते

डागाच्या मध्यभागी पेशी मेलेल्या असतात. त्याभोवती सुजलेल्या, बधिर झालेल्या पेशींचं वर्तुळ असतं. चोरवाट मध्यभागी सापडली तर विषय संपला. ती सुजेच्या वर्तुळात आली, तर त्या दिवशी तीही बंद दिसते, आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी सूज उतरली की पेशी शुद्धीवर येतात. टेबलावरचं यश आणि तीन महिन्यांनंतरचं यश यांतली तफावत मुख्यतः इथून येते.

आता त्या ओळीतले ‘३ सेकंद’ बघा. ऊर्जा सुरू केल्यावर वाट जितक्या लवकर बंद पडते, तितकं टोक वाटेच्या जवळ, असा त्याचा अर्थ. ३ सेकंदांत गेली तर वाट डागाच्या मध्यात आहे असं धरायला हरकत नाही. २० सेकंदांनी गेली तर उष्णता कडेकडेनं पसरत तिच्यापर्यंत पोचली, म्हणजे ती काठावर आहे. म्हणूनच मुलांमध्ये बरेच डॉक्टर ५ ते १० सेकंदांत परिणाम दिसला नाही तर ऊर्जा बंद करून जागा बदलतात. चुकीच्या जागी पूर्ण मिनिटभर तापवत बसलं तर फायदा काहीच नाही, डाग मात्र एक जास्तीचा.

‘३० मिनिटं थांबून’ हे त्याच कारणासाठी. काही वाटा अर्ध्या तासातच परत जाग्या होतात, आणि त्या मूल टेबलावर असतानाच पकडलेल्या बऱ्या. अ‍ॅडेनोसिन हे औषध एव्ही नोडचा अधिकृत दरवाजा काही सेकंद लावून घेतं. तेवढ्या वेळात वीज तरीही पलीकडे गेली, तर चोरवाट अजून जिवंत आहे. दोन वाटांच्या प्रकारात निकष वेगळा असतो. तिथे आयसोप्रोटेरेनॉल देऊन हृदय मुद्दाम चेतवतात आणि फेरा सुरू होतो का ते पाहतात. संथ वाटेचा थोडा अंश उरला, एखादा एकटा प्रतिध्वनीसारखा ठोका आला, तरी ते चालतं. त्याच्या मागे लागून एव्ही नोड धोक्यात घालायचा नसतो.

बहुतेक पुनरावृत्त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसतात. पापकातही वर्षभरात परतलेल्या त्रासांपैकी मोठा वाटा पहिल्या दोन महिन्यांतला होता. सहा महिने शांत गेले की शक्यता बरीच खाली येते, वर्ष गेलं की आणखी. काही वर्षांनी परतल्याची उदाहरणंही आहेत. पण तेव्हा ती जुनीच वाट असेल असं नाही. आधी न दिसलेली दुसरी वाट किंवा वयानुसार उमललेला दुसराच प्रकार असू शकतो.

थंडीचा पर्याय

क्रायोअ‍ॅब्लेशनमध्ये तापवण्याऐवजी गोठवतात. आधी टोक उणे ३० अंशांपर्यंत नेतात. या थंडीत पेशी गारठतात, मरत नाहीत. वाट बंद पडली आणि एव्ही नोड शाबूत आहे असं दिसलं, तर उणे ७० ते ८० अंशांपर्यंत जाऊन साधारण चार मिनिटं धरून ठेवतात. मध्येच एव्ही नोड मंदावल्याची खूण दिसली तर थंडी बंद करतात आणि तो बहुधा लगेच पूर्ववत होतो. शिवाय गोठलेलं टोक ऊतीला चिकटून बसतं, घसरत नाही. एव्ही नोडच्या शेजारी काम करताना ही सोय फार मोठी आहे, आणि क्रायोनंतर कायमचा हार्ट ब्लॉक, म्हणजे एव्ही नोड बंद पडणं, अगदीच विरळा.

किंमत चुकवावी लागते ती टिकाऊपणात. गोठवलेला डाग सौम्य, त्यामुळे पुनरावृत्ती रेडिओफ्रिक्वेन्सीपेक्षा जास्त. मोठ्या टोकाचे कॅथेटर आणि त्याच जागी दुसऱ्यांदा गोठवणं यांनी हा फरक कमी झाला आहे, पुसला गेलेला नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या पालकांनी आमचं मत विचारलं, तर पडद्यालगतच्या जागी थंडी निवडून दुसऱ्या प्रयत्नाची तयारी ठेवावी असंच सांगू.

याचं कारण पेसमेकरच्या हिशेबात आहे. एव्ही नोड कायमचा बंद पडला तर पेसमेकर बसवावा लागतो. त्याची बॅटरी साधारण ७ ते १० वर्षं चालते. आठ वर्षांच्या मुलात तो बसवला तर सत्तरीपर्यंत सहा ते आठ वेळा बदलावा लागेल, आणि मधे तारा खराब होतील त्या वेगळ्याच. दुसरीकडे एसव्हीटीचा त्रास कितीही वैतागवाणा असला, तरी हृदय रचनेनं ठीक असलेल्या मुलात तो सहसा जिवावर बेतत नाही. म्हणून एखाद्या कागदावर ‘वाट एव्ही नोडच्या अगदी जवळ, ऊर्जा न देता प्रक्रिया थांबवली’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते अपयश समजून डॉक्टरांवर रागावू नये. थांबता येणं हेही कसबच आहे.

बिघडतं ते काय

सगळ्यात जास्त आढळतं ते किरकोळ: मांडीत निळसर गाठ, एखादा दिवस दुखणं. गंभीर गोष्टी थोड्या, पण माहीत असाव्यात. मुलांच्या मोठ्या नोंदींत एव्ही नोडला इजा साधारण एक टक्क्याच्या घरात दिसते, त्यातली काही तात्पुरती. ती जवळजवळ सगळी पडद्यालगतच्या कामांत एकवटलेली असते. डाव्या बाहेरच्या कडेवरच्या वाटेत हा धोका नगण्य. हृदयाच्या भिंतीला छिद्र पडून बाहेरच्या आवरणात रक्त साठणं, डाव्या बाजूला काम करताना रक्ताची गुठळी होणं, झडपेला इजा, धमनीला उष्णतेचा चटका हे सगळं त्याहून विरळा. डावीकडच्या कामात हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देतात ते गुठळी टाळण्यासाठीच, आणि काही केंद्रं नंतर काही आठवडे अ‍ॅस्पिरिनही देतात. मृत्यूचा धोका १९९०च्या दशकातल्या नोंदींत हजारात सुमारे एक होता, आणि त्यात कमी वजनाची मुलं आणि पुन्हा पुन्हा ऊर्जा द्यावी लागलेली कामं पुढे होती.

क्ष-किरणांचा मुद्दा दूरच्या पल्ल्याचा. सुरुवातीच्या काळात एका मुलामागे ४०-५० मिनिटं क्ष-किरण चालू असत. आता त्रिमितीय नकाशामुळे कॅथेटरची जागा क्ष-किरणांशिवाय दिसते, आणि अनेक केंद्रांत हा आकडा शून्यावर किंवा एक-दोन मिनिटांवर आला आहे. मुलाच्या पेशी वाढत्या असतात आणि पुढे आयुष्यही मोठं असतं, तेव्हा केंद्र निवडताना हे विचारलंच पाहिजे.

दहा-वीस वर्षांनी

मुलांमध्ये रेडिओफ्रिक्वेन्सी १९९०च्या सुमारास सुरू झाली, म्हणजे पहिल्या पिढीतली मुलं आज चाळिशीत किंवा तिच्या उंबरठ्यावर आहेत. रचनेनं ठीक असलेल्या हृदयातले ते छोटे डाग पुढे नवनव्या तालबिघाडांचं कारण ठरतील, अशी सुरुवातीला धास्ती होती. तशी लाट आलेली नाही. झडपेची गळती, धमनी अरुंद होणं, उशिरा आलेला हार्ट ब्लॉक यांची तुरळक उदाहरणं आहेत, आणि ती बहुतेक प्रक्रियेच्या दिवशी घडलेल्या इजेशी जोडलेली.

एक बारकावा डब्ल्यूपीडब्ल्यूचा. अशा माणसांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, इतरांपेक्षा जास्त आढळते. चोरवाट वरून खाली जलद वीज नेणारी असेल, तर ही थरथर थेट खालच्या कप्प्यांत उतरते, आणि अचानक मृत्यूचा जो दुर्मिळ धोका सांगतात तो इथूनच. वाट तोडली की हा धोका संपतो. थरथर होण्याचा कल मात्र काहींमध्ये पुढेही राहतो, कारण तो वरच्या कप्प्यांच्या स्नायूतच असतो. म्हणून लहानपणी बऱ्या झालेल्या माणसानं चाळिशीत अनियमित धडधड झाली तर ‘माझं तर अ‍ॅब्लेशन झालंय’ म्हणून सोडून देऊ नये.

काहीच त्रास नाही, पण ईसीजीत डेल्टा वेव्ह सापडली, अशा मुलाचं काय? त्या दुर्मिळ धोक्याचा अंदाज दरवर्षी हजार मुलांमागे सुमारे एक असा धरतात. व्यायामाच्या चाचणीत वेग वाढताच डेल्टा वेव्ह एका ठोक्यात अचानक नाहीशी झाली तर वाट कमजोर आहे. ती टिकून राहिली, तर आतून तपासणी करतात. थरथर चालू असताना वाटेतून आलेल्या दोन ठोक्यांमधलं सर्वांत कमी अंतर २५० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी भरलं, तर वाट धोकादायक समजून तोडण्याचा सल्ला देतात.

सगळ्यात समाधानाचे निकाल मिळतात ते थकलेल्या हृदयात. काही प्रकारांत बिघडलेला जलद ताल दिवसरात्र चालू राहतो, पण वेग मिनिटाला १५०-१६०च असल्यामुळे मूल तक्रार करत नाही. महिनोन्महिने असं चाललं की हृदयाची आकुंचनाची ताकद घटते, आणि कधी कधी मूल ‘हृदयाच्या स्नायूचा आजार’ या निदानानं येतं. मूळ ठिपका किंवा वाट गेली की बहुतेकांत ताकद काही आठवड्यांत ते महिन्यांत सावरते.

जन्मजात दोष असलेल्या हृदयाचा हिशेब वेगळा. एब्स्टाइनच्या विकृतीत उजवी झडप खाली सरकलेली असते, चोरवाटा एकापेक्षा जास्त असू शकतात, यश कमी आणि पुनरावृत्ती जास्त. फॉन्टनसारख्या (खालचा एकच कप्पा कामाचा असलेल्या हृदयावर करतात त्या) शस्त्रक्रिया झालेल्या मुलांत वरच्या कप्प्यात टाक्यांचे व्रण असतात आणि त्यांभोवती लाट फिरते. एक फेरा तोडला तरी काही वर्षांनी नवा तयार होतो, कारण कप्पा ताणलेलाच राहतो. तिथे अ‍ॅब्लेशन म्हणजे काही वर्षांची उसंत, आणि ती मिळवण्यासारखीही असते; ‘कायमचं बरं’ हा शब्द मात्र तिथे वापरू नये.

घरी आल्यावर

चार ते सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहिल्यावर मुलं दुसऱ्या दिवशी हिंडूफिरू लागतात. शाळा काही दिवसांत, धावपळीचे खेळ एक-दोन आठवड्यांनी, मांडीची जखम पाहून. मांडीतून ताजं रक्त आलं, पाय गार किंवा पांढरा पडला, छातीत सतत दुखू लागलं, दम लागला, ताप आला किंवा बोलण्यात, चेहऱ्यात, हातापायात अचानक कमजोरी आली, तर वाट न पाहता दवाखाना.

पहिल्या काही आठवड्यांत घाबरवणाऱ्या दोन गोष्टी बहुधा निरुपद्रवी असतात. पहिली, चुकल्यासारखे सुटे ठोके आणि नेहमीपेक्षा थोडी जलद नाडी. याउलट त्रासाचा खरा फेरा सुरू होतो तो बटण दाबल्यासारखा आणि थांबतो तोही तसाच. वेग एकसारखा, मोजता येणार नाही इतका. चढत जाणारी, हळूहळू ओसरणारी धडधड म्हणजे सहसा सायनसचीच. शंका असेल तर त्या क्षणाचा ईसीजी हवा, मग तो दवाखान्यातला असो की मनगटी घड्याळातला. वर्णनावरून पुनरावृत्ती ठरवू नये. दुसरी गोष्ट डब्ल्यूपीडब्ल्यूतली: वाट तोडल्यानंतरच्या ईसीजीत काही लहरी उलट्या दिसतात, आणि मशिन छापतं ‘हृदयाला रक्तपुरवठा कमी’. हृदयाचा स्नायू इतकी वर्षं चोरवाटेच्या क्रमानं उत्तेजित होत आलेला असतो आणि ती सवय त्याच्या अंगातून जायला काही आठवडे लागतात. याला हृदयाची स्मृती म्हणतात. ज्याला पूर्वीचा इतिहास माहीत नाही असा डॉक्टर हा कागद पाहून दचकू शकतो.

तपासण्या केंद्रागणिक वेगळ्या असतात, पण साधारणपणे घरी सोडण्यापूर्वी ईसीजी, मग एक ते तीन महिन्यांत आणि वर्षानं. रचना ठीक असलेल्या हृदयात, वर्ष शांत गेलं आणि ईसीजी स्वच्छ असेल तर औषधांची गरज उरत नाही आणि खेळांवरही बंधन राहत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक फायदा: एसव्हीटी गर्भारपणात वाढू शकतो आणि तेव्हा औषधं देणं अवघड होतं, तो प्रश्न आधीच निकाली निघालेला असतो.

प्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच: प्रकार कुठला वाटतो, वाट पडद्यालगत निघाली तर थंडी वापरणार का, कुठल्या टप्प्यावर थांबणार, आणि तुमच्याकडे याच जागेच्या कामात वर्षभरातली पुनरावृत्ती किती. शेवटचा प्रश्न अवघड वाटला तरी विचारावा. आपले आकडे ठेवणारं केंद्र त्याचं उत्तर सहज देतं.

आणि फायलीत दोन कागद जपून ठेवावेत: ती दुसऱ्या पानावरची ओळ, आणि अ‍ॅब्लेशनपूर्वीचा, त्रास चालू असतानाचा ईसीजी. मूल अठराचं झालं की ते प्रौढांच्या डॉक्टरकडे जातं. तोवर हृदयात काही दिसत नसतं, छातीवर खूण नसते, आणि मुलालाही काही आठवत नसतं. नव्या डॉक्टरला पुढचं ठरवायला हे दोनच कागद असतात.